झाकलेली बाजू

माझ्या गाडीतून धूर निघाला तो शर्यतीच्या ऐन मध्यावर, सगळ्यांच्या देखत. गाडी म्हणजे रिमोटवर पळणारी, गुडघ्याएवढ्या उंचीचीही नाही. माझा मुलगा तिला खेळणं म्हणतो. म्हणो बापडा. चार सेलच्या बॅटरीवर ती सरळ पट्ट्यात माझ्या जुन्या बसपेक्षा जोरात जाते, आणि मी बत्तीस वर्षं बस चालवलेली आहे.

"ड्रायव्हरकाका, बॅटरी काढा! आधी बॅटरी!" पंचबाई ओरडल्या. एरवी त्या शाळेत खेळ शिकवतात, त्यामुळे आवाज मैदानाच्या त्या टोकापर्यंत जातो. मी गाडीपाशी गुडघ्यावर बसलो, डाव्या हाताने वायर ओढली, पुन्हा ओढली. प्लग काही सुटेना. शेवटी त्यांनीच हातमोजे घालून तो सोडवला. लाल प्लास्टिक वितळून वाकडं झालं होतं.

"काका, हे दुसऱ्यांदा झालं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. त्यांचा हळू आवाज जास्त वाईट. "पुढच्या रविवारी या. पण आधी माझ्यासमोर तुमच्या हाताने पाच सेकंदांत बॅटरी सोडवून दाखवायची. नाही जमलं तर गाडी ट्रॅकवर येणार नाही. वाईट वाटून घेऊ नका."

वाईट वाटून घ्यायचं नाही तर काय करायचं? प्लग खराब नव्हता, माझा हात खराब होता. दोन वर्षांपूर्वी जिन्यावरून पडलो तेव्हा उजव्या मनगटाची शीर दुखावली. अंगठ्यात आणि दोन बोटांत तेव्हापासून पकड नाही. बसचं स्टिअरिंग सुटलं ते त्यामुळे. घरात मात्र मी सांगितलं होतं, हात बरा झाला, नोकरीचा कंटाळा आला म्हणून सोडली. तेव्हापासून उजवा हात खिशात असतो. शर्यत संपल्यावर सगळे एकमेकांशी हात मिळवतात, मी नुसती मान हलवतो. मला गर्विष्ठ म्हणतात, हे मला ठाऊक आहे. रिमोटचं चाक तळहाताने फिरतं आणि खटका डाव्या बोटाने दाबता येतो, एवढ्यावर माझं चालवणं उरलं होतं. तेवढंही गेलं असतं तर मी काय केलं असतं, खरंच सांगता येत नाही.

"माझ्या आईला दाखवा ना गाडी," संध्याकाळी घरी सूनबाई म्हणाली. "तिची सगळी नोकरी तारांना कथलाचा जोड देण्यात गेली."

इथे माझी पंचाईत झाली. सूनबाईची आई जळलेल्या मोटरींत पुन्हा तांब्याची तार गुंडाळायच्या कारखान्यात होती, आणि आता घराच्या तळमजल्यावर तेच काम करते. लग्न ठरलं तेव्हा मी नाक मुरडून म्हणालो होतो, "म्हणजे विहीणबाई तारा गुंडाळतात का?" ते त्यांच्या कानावर गेलं. गेलं हे मला कळलं. मला कळलं हे त्यांना कळलं. तेव्हापासून सहा वर्षं आम्ही दोघं एकमेकांशी भयंकर अदबीने बोलत होतो.

मंगळवारी सकाळी गाडी काखोटीला मारून गेलो. खोलीत तांब्याच्या तारेची रिळं, वार्निशचा वास आणि खिडकीशी एक लांबलचक टेबल. विहीणबाईंनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला.

"या व्याही. बसा. रुग्ण कुठाय?"

मी गाडी पुढे सरकवली आणि ताबडतोब प्लगला शिव्या घालायला सुरुवात केली. हल्लीचा माल कसा हलका, प्लास्टिक कसं पातळ. त्यांनी ऐकून घेतलं, वितळलेला जोड चिमट्यात धरला आणि भिंगाखाली नेला.

"हा जोड कोणी दिला?"

"मीच."

"वाटलंच. बघा, वरून चिकटलाय, आतून सुटा आहे. करड्या रंगाचा, दाणेदार. लहान टोकाच्या सोल्डरिंग आयर्नने जाड वायर तापतच नाही. मग जोडात अडथळा येतो आणि सगळा करंट तिथे तापत बसतो." मग त्यांनी वायर उलटीसुलटी केली. "आणि ही वायर धरून कोणीतरी ओढलीय. पुष्कळदा. प्लगला धरून नाही, वायरला धरून."

मी खिशातला हात आणखी आत सारला.

त्यांनी खणातून तीन तऱ्हेचे प्लग काढून ओळीने मांडले. सोनेरी गोल, बंदुकीच्या गोळीसारखे. माझ्या मोडक्यासारखे लाल, चपटे. आणि एक पिवळा, चांगला जाडजूड. "गोल हे मोटरला. तीन वायरी आहेत, दोन उलटसुलट लागल्या तर गाडी फक्त मागे पळेल, बिघडणार काही नाही. बॅटरीला हे नकोत, तिथे उलटं लागलं तर खेळ खलास. लाल तुमच्या करंटला पुरणार नाही. हा पिवळा नव्वद अँपिअर आरामात ओढतो, उलटा बसतच नाही, आणि जोडताना ठिणगी उडू नये म्हणून आत सोय आहे. हाच घ्या."

मी पिवळा डाव्या हातात घेऊन जोडून पाहिला. "फार घट्ट आहे."

"घट्ट असायलाच हवा. सैल असला तर पुन्हा तापेल."

"दुसरा सैलसा नाही का?"

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "सोडवून दाखवा बरं."

मी एक बाजू गुडघ्यात धरली, डाव्या हाताने ओढलं, मग दातात धरायला निघालो. उजवा हात खिशातच होता. विहीणबाईंनी माझ्या तोंडासमोरून प्लग काढून घेतला. मला वाटलं, आता सहा वर्षांची परतफेड होणार, आणि ती माझ्या वाट्याची आहेच. त्यांनी मात्र माझी जुनी बॅटरी उचलून तिच्या प्लगच्या उघड्या पात्यांवर बोट रोखलं.

"हे बघा. बॅटरीत नेहमी करंट असतो, म्हणून बॅटरीला झाकलेल्या तोंडाचा भाग लावायचा. उघड्या पात्या गाडीच्या बाजूला. तुम्ही उलटं लावलंय. एखादा पाना आडवा पडला असता तर टेबल पेटलं असतं." मग एकदम आवाज उतरला. "जिवंत बाजू उघडी टाकलीत आणि दुखरा हात झाकून ठेवलात. अगदी उलटं केलंत, व्याही. काढा तो हात बाहेर."

मी काढला. टेबलावर ठेवला. दोन वर्षांत पहिल्यांदा कोणी त्याकडे भिंग लावल्यासारखं पाहत होतं. त्यांनी बोटं एकेक करून वाकवून पाहिली.

"हं. पकड नाही, पण अडकवता येतं. आकडा करा बोटाचा. असा. ओढा माझं बोट. जमतंय की!"

मला हसू आलं आणि रडूही, आणि दोन्ही दाबायला गेलो तर शिंकच आली.

पुढचं त्यांनीच केलं. पिवळ्या प्लगची गाडीकडची बाजू गाडीच्या सांगाड्यावर पत्र्याच्या पट्टीने पक्की बसवली. म्हणजे प्लग दोन्हीकडून धरायची गरजच संपली, एका बाजूला गाडी स्वतः धरून बसते. बॅटरीच्या बाजूला, प्लगच्या अंगालाच, एक फास अडकवायला भोक ठेवलं. जोड देताना मोठ्या टोकाचं आयर्न लावलं. कथील पाण्यासारखं आत गेलं आणि थंड झाल्यावर आरशासारखं चमकलं. पहिली चाचणी घेतली तर गाडी उलटी पळत माझ्याच पायावर आदळली. "सांगितलं होतं ना, मागे पळेल," असं म्हणत त्यांनी मोटरच्या दोन वायरींची अदलाबदल केली.

शुक्रवारपर्यंत मी रोज तिथे जात होतो. फासाला सध्या सुतळी होती. बोटाचा आकडा, फासात अडकवायचा, गाडी डाव्या तळव्याने दाबायची, खांद्याने मागे ओढायचं. बारा सेकंद लागले, मग नऊ, मग सहा. "सुतळी बोट कापते," मी कुरकुरलो. "रविवारी पक्का फास लावून आणते," त्या म्हणाल्या.

रविवारी त्या सूनबाईबरोबर आल्या आणि निळ्या फितीचा फास अडकवून गाडी माझ्या हातात दिली. मी घाबरलेलो, फितीकडे पाहिलंही नाही. पंचबाईंनी घड्याळ काढलं. भोवती सगळे जमले, ज्यांच्याकडे पाहून मी दोन वर्षं नुसती मान हलवली ते सगळे. मी उजवा हात खिशातून काढला. कोणीतरी कुजबुजलं. बोट अडकवलं, तळवा दाबला, खांदा मागे.

"चार," पंचबाई म्हणाल्या.

बॅटरी माझ्या वाकड्या बोटाला लोंबत होती. तेव्हा मी फितीकडे नीट पाहिलं. ती माझ्याच गळ्यातल्या ओळखपत्राची होती, नोकरी सुटली त्या दिवशी मी कपाटाच्या तळाशी फेकलेली. सूनबाईने शोधून दिली असणार. विहीणबाईंनी ती दुहेरी करून इतकी नेटकी शिवली होती की तिच्यावर छापलेला एक शब्द बरोबर वरच्या बाजूला आला होता. चालक.

पंचबाईंनी हात पुढे केला. मी माझा उजवा दिला, आहे तसा.

शर्यतीत मी आठांत सातवा आलो. आठव्याची गाडी उलटली होती. संपल्यावर मी आधी बॅटरी काढली, मग कुंपणापाशी गेलो.

"विहीणबाई, लग्नाच्या वेळी मी जे बोललो ते मूर्खासारखं बोललो. तुमचे उपकार कसे फेडू मला कळत नाही. तुम्ही मला माझी गाडी परत दिलीत."

"गाडी तुमच्याकडेच होती," त्या म्हणाल्या. "मी फक्त तारा गुंडाळते."

मी तोच हात पुढे केला. त्यांनी तो दोन्ही हातांत घट्ट धरला, आणि मला तो सोडवून घ्यायची काहीच घाई नव्हती.