आरपार दगड

सप्टेंबर २००३. इंदिरानगरच्या आमच्या शाळेत मंजुषा मॅडमनी नववीच्या वर्गाला विचारलं, "उद्या तीस तारीख. बरोबर दहा वर्षांपूर्वी या दिवशी काय झालं होतं, कोणाला माहीत आहे?"

राकेश म्हणाला, "गुजरातचा भूकंप?" तो आम्ही सगळ्यांनी टीव्हीवर पाहिला होता.

"नाही. आपल्याच महाराष्ट्रातला. किल्लारीचा. हजारो माणसं झोपेतच गेली."

"मॅडम, तेव्हा आम्ही चार वर्षांचे होतो," मागून कोणीतरी म्हणालं आणि वर्ग हसला. मला मात्र हसू आलं नाही. त्या भूकंपानंतर माझे आबा दोन वर्षं तिकडेच राहिले होते. मी उभी राहिले आणि तेवढंच सांगितलं. मॅडमनी लगेच माझ्याबरोबर निरोप धाडला, की उद्या येऊन मुलांशी बोला.

आबा म्हणजे माझे वडील, मल्हारी गवंडी. माझ्यासमोर त्यांनी किल्लारीचं नाव कधी काढलं नव्हतं. संध्याकाळी मी निरोप सांगितला, तर हातपाय धुता धुता म्हणाले, "नाय जमायचं. मेलेल्या माणसांच्या गोष्टी पोरांना कशाला?"

"पोरांना नाही तर कोणाला?" आईनं चुलीपुढूनच विचारलं. "किल्लारीच्या त्या नाथामामाला शब्द दिलाय ना तुम्ही?"

आबा हात पुसत आत गेले. पण दुसऱ्या दिवशी दुपारी ते शेजारच्या सावळीरामकाकांच्या टेम्पोतून शाळेत आले. बरोबर दोन पोती दगड, घमेलंभर माती आणि एक रुंद फळी. मैदानात त्यांनी लोखंडी पाइपाचे तुकडे ठेवले, त्यावर फळी टाकली आणि उकिडवे बसून तिच्यावर गुडघ्याएवढ्या दोन भिंती रचायला घेतल्या. पंचेचाळीस पोरं भोवती उभी. आबांना भाषण येत नाही. हात चालू असला की मात्र तोंड चालतं.

"आम्ही पाच गवंडी मदतीच्या ट्रकबरोबर गेलो," ते वर न बघता सांगायला लागले. "मी ट्रकवाल्याला विचारलं, गाव कुठंय? तो म्हणला, ह्या काय, गावावरच उभे हाय आपण."

आबांनी पुढचा दगड उचलला.

"ढिगाऱ्यावर एक म्हातारा बसलेला. नाथामामा. तोबी गवंडीच. गावातली निम्मी घरं त्याच्या हातची. मला म्हणला, 'धरणीनं नुसतं हलवलं. मारलं ते माह्या भिंतींनी.' त्याची सून आणि दोन नातवंडं त्यानंच बांधलेल्या भिंतीखाली गेली होती."

मग आबांनी भिंत दाखवली. बाहेरून एक दगडाची रांग, आतून एक, मध्ये माती आणि बारीक खडी. "जाड दिसती, पण ही एक भिंत नाय. शेजारी शेजारी उभ्या केलेल्या दोन भिंती हायत. जुने गवंडी मधेमधे एक लांब दगड घालायचे, ह्या बाजूपासून त्या बाजूपर्यंत. आरपार. तो दोघींना धरून ठेवायचा. पण असा दगड मिळायला अवघड, बसवायला मेहनत. नाथामामा म्हणला, 'आमच्या आज्यानं घातला, बापानं कमी केला, म्या सोडून दिला. तो कशापायी घालायचा, हेच कुणाच्या ध्यानात राहिलं नव्हतं.'"

एका भिंतीत आबांनी तो दगड घातला होता, दुसरीत नाही. राकेश आणि माझ्या बाकावरच्या दिशाला त्यांनी फळी धरून हलवायला सांगितलं. बिनदगडाची भिंत पोटात फुगली, मधोमध दुभंगली आणि दोन्ही अंगांना कोसळली. आरपार दगडाच्या भिंतीचे वरचे दोन दगड घसरले, पण ती उभी राहिली.

"नवी घरं बांधली तेव्हा नाथामामा भिंतीभिंतीत हात घालून हा दगड तपासायचा. मी निघालो तेव्हा म्हणला, 'पोरांला सांग.' मी आठ वर्षं सांगितलं नाय. आज सांगितलं."

दिवाळीच्या सुट्टीत राकेश इगतपुरीजवळ त्याच्या आजोबांकडे गेला. चौथ्या दिवशी आबांना फोन आला. आजोबांच्या घराच्या मागच्या भिंतीला पोट आलं होतं आणि राकेशनं त्या खोलीत कोणाला झोपू दिलं नव्हतं.

आबांबरोबर मीही गेले. राकेशचे आजोबा खंडेराव दारातच म्हणाले, "पन्नास पावसाळे काढलेत ह्या भिंतीनं. पोरगं ऐकंच ना, म्हणून बोलावलं तुम्हाला."

आबांनी फुगलेल्या जागेचे दोन दगड पहारीनं सैल केले. आतली कोरडी माती भसाभसा खाली आली. खंडेरावांनी त्या पोकळीत हात घातला, तो कोपरापर्यंत गेला.

"ह्याच्या खाली आम्ही निजत होतो?" हात बाहेर काढत ते म्हणाले.

दोन दिवस काम चाललं. फुगलेला भाग उतरवून आबांनी तो लांब दगड घालून पुन्हा रचला. बाकीच्या भिंतीला ठिकठिकाणी आरपार भोकं पाडली, त्यांत सळई घालून काँक्रीट भरलं. बघायला अर्धं गाव जमलं. कोणीतरी विचारलं, हे कशासाठी? राकेश सांगायला लागला. ट्रक, ढिगारा, नाथामामा, त्याची सून, नातवंडं, आजा-बाप-नातवाच्या हातून सुटत गेलेला दगड. काही गाळलं नाही, पदरचं काही घातलं नाही. नाथामामाला त्यानं कधी पाहिलं नव्हतं, तरी म्हातारा समोर बसल्यासारखा सांगत होता. बायका पदर तोंडाशी धरून ऐकत होत्या.

आबांची थापी हातात तशीच राहिली. ते ऐकत उभे होते. एवढी ताठ मान मी त्यांची कधी पाहिली नव्हती.

राकेशचं बोलणं संपलं तसे खंडेराव म्हणाले, "मिस्तरी, माझ्या भावाचंबी घर असंच हाय. तेवढं बघता का?"

"मला कशाला?" आबा राकेशकडे बोट दाखवून म्हणाले. "ह्याला न्या. काय बघायचं ते ठाऊक हाय त्याला."

राकेशनं हातोडी उचलली आणि तो पुढे निघाला. मागून सगळी आळी.