नुसती लाँग

पौडच्या बाजारात पीरमहंमदचं बांगड्यांचं दुकान होतं. बांगड्या भरणाऱ्याला दोनच गोष्टी लागतात, हात हलका आणि जीभ गोड. हात त्याचा शेवटपर्यंत हलका राहिला. जिभेनं मात्र त्याचा दोनदा घात केला. एकदा एक शब्द कमी बोलला म्हणून, आणि एकदा चार शब्द जास्त बोलला म्हणून. दोन्ही एकाच आठवड्यात.

कासार आंबोलीचा हैबतराव त्याचा दोस्त. लहानपणापासूनचा, म्हणजे एकमेकांच्या आयांचा मार खाल्लेला. दोघांना नेमबाजीचा नाद. शिकार सरकारनं कधीच बंद केली होती आणि या दोघांना जीव मारण्याची हौसही नव्हती. कागदावर काळं वर्तुळ काढायचं, ते गावाबाहेरच्या बंद पडलेल्या दगडखाणीत लावायचं आणि दर रविवारी सकाळी पालथं पडून त्याच्या मध्यावर गोळी घालायची, एवढाच त्यांचा खेळ. 'बांगडीवाल्याला बंदूक कशाला?' असं लोक म्हणत. लोकांना काय, त्यांना स्वतःच्या भांड्यात काय शिजतंय ते दिसत नाही.

रायफल हैबतरावची, पॉइंट टू टूची, एका वेळी एकच काडतूस घेणारी. परवाना त्याच्या नावावर होता आणि त्यात पीरमहंमदचंही नाव घातलेलं होतं, त्यामुळे काडतुसं आणायचं काम पीरमहंमदकडे. दुकानाचा माल भरायला तो पुण्याला जायचाच.

आता त्या रायफलीत दोन जातींची काडतुसं चालत. एकाचं नाव 'लाँग', दुसऱ्याचं 'लाँग रायफल'. मागची पितळी पुंगळी दोन्हींची सारखीच. फरक पुढच्या शिशाच्या गोळीत. 'लाँग'ची गोळी आखूड नि हलकी, 'लाँग रायफल'ची लांबट नि जड. दोन्ही नळीत बसतात, दोन्हींचा बार होतो, म्हणून तर घोटाळा. एक अख्खा उन्हाळा दोघांनी दोन्ही मारून बघितल्या आणि भांडभांड भांडले. पीरमहंमदला हलकी आवडायची, तिचा आवाज कसा कडक. हैबतराव म्हणायचा, आवाजाला काय चाटायचंय, कागद बघ. कागदावर हलकीची भोकं वर चढून पसरायची आणि जडची एका रुपयाच्या नाण्याखाली झाकली जायची. शेवटी पीरमहंमदनं हार मानली. रायफलीचा नेम जड गोळीला जुळवून घेतला आणि तेव्हापासून दुसरी जात घरात आली नाही.

पण आपल्या मुलखात कुठलंही नाव आखूड केल्याशिवाय तोंडात बसत नाही. रायफलीचंच काडतूस, मग पुन्हा 'रायफल' कशाला म्हणायचं? पाण्याचा पाऊस असं म्हणतं का कुणी? तर लांबट गोळी ती 'लाँग' आणि आखूड ती 'बुटकी', अशी नावं दोघांनी पाडली. पुण्याच्या दुकानातले म्हातारे शेठ हे ओळखून होते. पीरमहंमदनं 'लाँग द्या' म्हटलं की ते मुकाट्यानं 'लाँग रायफल'चा डबा पुढे ठेवत. वर्षानुवर्षं असंच चाललं आणि पीरमहंमदला वाटत राहिलं की आपण बरोबर नाव घेतोय.

जोडीनं मारायची त्यांची एक रीत होती. मारणारा पालथा पडायचा. एक बार झाला की डोळा वर्तुळावरून न हलवता उजवा तळहात मागे करायचा. जोडीदार त्यावर काडतूस ठेवायचा. मारणाऱ्यानं ते बघायचं नाही, तसंच नळीत सारायचं. 'जोडीदारानं दिलेलं बघायचं न्हाई,' हा नियम पीरमहंमदनंच केलेला, आणि त्याचा त्याला मोठा अभिमान होता. नवरा-बायकोचासुद्धा एवढा इतबार नसतो, असं तो बायकोच्या, ताजबीच्या, देखत म्हणायचा.

अठ्ठ्याहत्तर सालची दिवाळी झाली आणि पुण्याच्या हौशी नेमबाजांनी खाणीत जोड्यांची स्पर्धा ठेवली. पुण्याच्या तीन जोड्या आणि मुळशी तालुक्याची ही एक. हैबतरावच्या एका डोळ्यात मोतीबिंदू उतरायला लागला होता. ही गोष्ट त्यानं जगात एकट्या पीरमहंमदला सांगितली होती. लोकांना कळलं तर आंधळ्याच्या हातात बंदूक म्हणून ओरड होईल. तेव्हा उन्हाळ्यात ऑपरेशन करून घ्यायचं आणि तोवर काडतूस द्यायचं हैबतरावनं, मारायचं पीरमहंमदनं, असं ठरलं. दोघांनी मिळून खेळलेली ही पहिली मोठी स्पर्धा होती, आणि हैबतरावला पुढच्या वर्षी स्वतः मारायचं होतं.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी पीरमहंमद काडतुसं आणायला गेला तर गल्ल्यावर शेठ नव्हते, पुतण्या होता.

"लाँग द्या एक डबा," पीरमहंमद म्हणाला.

"नुसती लाँग?" पोरानं विचारलं.

"नुसती न्हाई तर काय, संगं गूळ देताय व्हय?"

पोरगा हसला. पीरमहंमदही हसला. डब्यावरचं इंग्रजी त्याला वाचता येत नव्हतं आणि डबा फोडून बघावं असं त्याच्या मनातही आलं नाही. नेहमीची वस्तू कोण निरखून बघतो?

दुसऱ्या दिवशी खाणीत डबा तसाच हैबतरावच्या हाती गेला आणि पहिला बार झाला तेव्हा आवाज जरा कडक आला. पीरमहंमदला तो ऐकू आला. दुसरं काडतूस सारताना बोटांना काहीतरी कमी लागलं, हेही त्याला कळलं. ज्या बोटांना बांगडीचा केसाएवढा चरा कळतो त्यांना ते कळणारच. पण पुण्याची माणसं मागे उभी होती, आणि नियम त्याचाच होता. तो तळहात मागे करत राहिला आणि हैबतराव त्यावर काडतूस ठेवत राहिला.

पंच म्हणून गावचा निवृत्त सुभेदार जयसिंग होता. त्यानं कागद आणून समोर धरला. भोकं वर्तुळाच्या वर, इकडे तिकडे, सुपातून सांडलेल्या दाण्यांसारखी. मुळशीची जोडी शेवटची आली होती. पुण्याची माणसं हसली असती तर बरं झालं असतं. ती समजुतीनं म्हणाली, "होतं असं एखाद्या दिवशी," आणि तेच पीरमहंमदला झोंबलं.

त्यानं जवळचं एक काडतूस उचललं. आखूड गोळी. बुटकी.

"हे काय दिलंस मला?" तो हैबतरावला म्हणाला. हैबतराव काही बोलला नाही. त्याचं ते गप्प राहणं पीरमहंमदला कबुलीसारखं वाटलं. मग तो जयसिंगकडे वळला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "ह्येलाच इचारा. डोळ्यात मोतीबिंदू हाय ह्येच्या. वरीस झालं लपवतोय. जुनी कुटली बुटकी काडून देतोय, ह्येचं ह्येला दिसत न्हाई."

हैबतरावनं उरलेली काडतुसं डब्यात भरली, डबा खिशात टाकला, रायफल गवसणीत घातली आणि तो घराकडे चालू लागला. जयसिंग एवढंच म्हणाला, "आसं आसल तर रायफल घरात ठिवणं बरं न्हाई, हैबतराव." हैबतराव मागे वळला नाही.

घरी ताजबीनं सगळं ऐकून घेतलं. "दुनियेला सांगायचं आसतं तर त्यानं सोता सांगितलं आसतं," ती म्हणाली आणि भाकरी थापायला लागली. पीरमहंमदला राग आला, कारण ती खरं बोलत होती. तोंडातून सुटलेला शब्द आणि नळीतून सुटलेली गोळी, दोन्हींच्या मागे धावण्यात अर्थ नसतो. तरी तो धावला. त्यानं ठरवलं की चांगल्या लाँगचा एक डबा आणायचा, हैबतरावपुढे ठेवायचा आणि म्हणायचं, झालं गेलं सोड. म्हणजे चूक त्याचीच, पण आपण मोठ्या मनानं माफ करतोय, असं काहीसं त्याच्या डोक्यात होतं. माणूस माफी मागायला निघतानासुद्धा स्वतःसाठी उंच पाट मांडून ठेवतो.

चार-पाच दिवसांनी तो पुण्याला गेला. परवाना त्याच्याच पिशवीत राहिला होता. गल्ल्यावर आज शेठ होते.

"लाँग द्या," पीरमहंमद म्हणाला.

शेठनी नेहमीचा डबा काढला आणि मग हात तसाच ठेवून म्हणाले, "मागच्या खेपेला घोटाळा झाला म्हणे. तुम्हाला हवी असते लाँग रायफल. पुतण्यानं तुम्ही म्हणालात तशी नुसती लाँग दिली. मी त्याला रागावलो, तर म्हणतो, मी विचारलं होतं, त्यांनी गूळ मागितला."

शेठ हसले. पीरमहंमदला हसू आलं नाही. त्याला पहिल्यांदाच कळलं की ज्याला आपण वर्षानुवर्षं लाँग म्हणत आलो ती लाँग नव्हतीच. त्यानं डबा घेतला आणि माल न भरताच एस.टी. धरली. पौडला घरी न जाता तो आधीच कासार आंबोलीला उतरला.

हैबतरावच्या खळ्यावर भाताची झोडणी चालली होती. तुळजाबाईनं, त्याच्या बायकोनं, पाणी दिलं, पण नेहमीसारखं 'भाऊजी, बसा' म्हणाली नाही. हैबतराव पेंढ्यावर बसला होता. पीरमहंमद त्याच्यासमोर उकिडवा बसला. वाटेत जुळवून आणलेलं सगळं बोलणं विसरला.

"चूक माजी हुती," तो म्हणाला. "मीच बुटकी आनली. नाव चुकीचं घेतलं."

"ठावं हाय मला."

"कवा कळलं?"

"पयल्याच काडतुसाला. डोळ्याला दिसंना, पर बोटाला कळतं की."

"मग तवाच बोलला का न्हाईस? दिलंस कशाला?"

"तू आनलं हुतंस," हैबतराव म्हणाला. "म्हनलं, ह्येनं काय तरी इचार करून आनलं आसंल. जोडीदारानं दिलेलं बघायचं न्हाई, म्हनून दिलं."

"आन मागनं? समद्यांम्होरं मी बोललो तवा तरी सांगायचं."

"काय सांगू? तुजं हसं झालं आसतं."

हे त्यानं रागानं म्हटलं असतं तर पीरमहंमदला सोसलं असतं. पण त्यात राग नव्हता, एखाद्या दुसऱ्याच माणसाबद्दल बोलावं तसा आवाज होता. त्यानं आपल्या आयुष्यात इतकी शरम कधी भोगली नव्हती.

"उन्हाळ्यात डोळा करून घे," तो कसाबसा म्हणाला. "म्होरल्या साली तू मार. मी काडतूस देतो."

"रायफल सकाळीच पौडच्या ठाण्यावर जमा केली," हैबतराव म्हणाला. "जयसिंग म्हनला त्यात चूक काय? गावात समद्यांला ठावं झालंय. पोरं 'आंधळा नेमबाज' म्हनत्यात. ठाण्यावर परवाना मागत हुते. म्हनलं, पीरमहंमदकडं हाय, त्यो आनून दील. तेवढा जाता जाता नेऊन दे."

पीरमहंमदनं पिशवीतून डबा काढला. कशासाठी, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. हैबतरावनं तो उघडला, एक काडतूस घेतलं आणि अंगठ्यानं त्याची लांबट गोळी चाचपली.

"ही आपली," तो म्हणाला.

पीरमहंमदचा उजवा तळहात सवयीनं आपोआप पुढे झाला. हैबतरावनं त्यावर काडतूस ठेवलं आणि तो झोडणीला उठला. पीरमहंमदनं न बघताच मूठ मिटली. मग तो परवाना घेऊन पौडच्या रस्त्याला लागला.