दोन विहिणी चालायला लागल्या

टेपताईंचं खरं नाव गल्लीत फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. गळ्यात सदानकदा मापाची टेप, म्हणून त्या टेपताई. तीस वर्षं त्यांनी अख्ख्या गल्लीच्या कंबरा मोजल्या होत्या. कोण सुटलं, कोण उतरलं, हे त्या माणसाच्या घरच्यांआधी त्यांना कळायचं, आणि त्यातलं एक अक्षर त्या बाहेर बोलत नसत. स्वतःची कंबर मात्र त्यांनी कित्येक वर्षांत मोजली नव्हती. कपडा घट्ट झाला की शिवण उसवायची, आत दुमडून ठेवलेलं जादा कापड, म्हणजे माया, सोडायची आणि दोष कापडाला द्यायचा. हल्लीचं कापड फार आटतं, असं त्या सुनेला सांगत, आणि सून गुणाची असल्यामुळे ऐकून घेई.

एके दिवशी त्या वरच्या फळीवरचा अस्तराचा गठ्ठा काढायला स्टुलावर चढल्या. गठ्ठा काढला, खाली उतरल्या, आणि अशी धाप लागली की माप द्यायला आलेल्या बाईनंच त्यांना खुर्चीवर बसवून पाणी पाजलं. दुकानात सून होतीच. दुसऱ्या दिवशी तिनं डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली आणि सासूला हाताला धरून घेऊन गेली.

दवाखान्यात पाहतात तर समोरच्या बाकावर विहीणबाई.

विहीणबाई म्हणजे सुनेची आई. गावाच्या दुसऱ्या टोकाला त्यांची बेकरी. नवरा गेल्यावर त्यांनी ती एकटीनं चालवली आणि नावारूपाला आणली. भट्टीतून निघालेला प्रत्येक घाणा स्वतः चाखल्याशिवाय त्या विकायला ठेवत नसत, आणि दिवसाला घाणे निघायचे बारा. मुलांच्या लग्नाला पाच वर्षं झाली होती, पण दोघी विहिणींमध्ये आजवर कधी वाकडा शब्द गेला नव्हता आणि सरळ शब्दही गेला नव्हता. त्यांचं नातं नुकत्याच इस्त्री केलेल्या कपड्यासारखं होतं. घडी मोडेल म्हणून कुणी हातच लावत नसे.

"मी आपली सहज आले होते," विहीणबाई म्हणाल्या.

टेपताई म्हणाल्या की त्याही सहजच, सुनेला सोबत म्हणून आल्या आहेत. एवढ्यात आतून दोघींचे नंबर एकापाठोपाठ पुकारले गेले. सून खिडकीबाहेर पाहत राहिली. दोघींना एकाच दिवशी, एकाच वेळी आणण्याचा घाट तिचाच होता.

डॉक्टरीणबाई वयानं लहान, पण बोलायला खमक्या. साखर उंबरठ्यावर उभी आहे, तिला घरात घ्यायचं की बाहेरच्या बाहेर वाटेला लावायचं ते तुम्ही ठरवा, असं त्यांनी दोघींचं रक्त तपासून सांगितलं. रोज पाऊण तास चालायचं, ताटाचा अर्धा भाग भाजीचा, गोड नावापुरतं. गोळी तूर्त नको. वर्षभरानं पुन्हा रक्त तपासू. दाराशी येऊन त्या आणखी म्हणाल्या की माणसं सुरुवात जोरात करतात, पण हवा बदलली की त्यांचा नेम सुटतो, तेवढं सांभाळा.

उन्हाळ्याचे दिवस होते. दोघींच्या घरांच्या मधोमध कालवा होता आणि त्याच्या काठानं झाडांखालून पायवाट. सकाळी सहाला तिथे भेटायचं ठरलं. म्हणजे सुनेनं ठरवलं. पहिला आठवडा भलताच अवघड गेला. चालणं अवघड नव्हतं, अवघड होता तो मान. पायवाट अरुंद होती, दोघी शेजारी मावत नव्हत्या, आणि पुढे कोणी व्हायचं यावर रोज पाच मिनिटं जात. तुम्ही व्हा पुढे, छे छे, आधी तुम्ही. एक जण पुढे झाल्यावर मागचीला मागे राहवेना. टेपताईंनी पाऊल उचललं की विहीणबाई उचलत. हवा कशी आहे, झाडं कशी आहेत, एवढंच बोलत दोघी घामाघूम होऊन अशा सुटत की दूध घालायला निघालेला माणूस सायकल बाजूला घेऊन उभा राही.

पण चढाओढीनं का होईना, पाय सुटले. घरी आल्यावर टेपताईंना गार काही खावंसं वाटे. कलिंगड, काकडी, लिंबाचं पाणी. तळलेलं नको व्हायचं ते नियमानं नाही, उन्हानं. महिन्याभरात जिना चढताना धाप कमी झाली. आपण हे आधीच का नाही केलं, असं वाटून त्या स्वतःवर बेहद्द खूश झाल्या. खूश झालेलं माणूस बेसावध असतं.

पाऊस लागला आणि पायवाटेचा चिखल झाला. पहिल्या दिवशी दोघींनी फोनवर एकमेकींना समजावलं की घसरून हाड मोडण्यापेक्षा एक दिवस घरी बसलेलं बरं. त्या एका दिवसाचे बघता बघता दहा दिवस झाले. अकराव्या दिवशी सुनेनं विचारलं की मग आता पुढची भेट थेट दवाखान्यातच का? टेपताईंना ते झोंबलं. त्यांनी डोकं चालवलं. भाजीमंडईला मोठं पत्र्याचं छप्पर होतं, आणि सकाळी साडेसहाला तिथे माल उतरत असला तरी गिऱ्हाईक नसे. विहीणबाई आधी कां कूं करत होत्या. मंडईत गोल गोल फिरताना लोक वेड्यात काढतील म्हणाल्या. लोकांनी काढलंच. दुसऱ्याच दिवशी कांदेवाल्यानं विचारलं की बायांनो, काही हरवलंय का, मी शोधू लागतो. पण आठवड्याभरात मंडईला सवय झाली. कोपऱ्यावरची भाजीवाली मावशी तर त्यांच्या फेऱ्या मोजायची आणि एखादी बुडाली तर हटकायची.

मावशीमुळे एक गोष्ट आपोआप घडली. ती दोघींच्या पिशवीत रोज काहीबाही कोंबायची. आज दुधी कोवळा आहे, उद्या शेंगा चांगल्या येतील, पालेभाजी पावसात नीट धुऊन घ्या. कुठल्या दिवसांत काय खावं हे तिच्या तोंडून इतकं सहज यायचं, की टेपताईंचं अर्धं ताट केव्हा भरलं ते त्यांना कळलंही नाही. त्यांचा मुलगा पहिल्यांदा ताटाकडे पाहून म्हणाला की घरात बकरी पाळली आहे काय. मग तोही मुकाट्यानं खाऊ लागला.

थंडीनं मात्र दोघींना आडवं केलं. सकाळी साडेसहाला अंधार, बोटं बधिर, पांघरूण सोडवत नाही. त्यात लग्नसराई. टेपताईंकडे कपड्यांचे ढीग आणि विहीणबाईंकडे केकच्या मागण्या. वेळ जमत नाही, तर आपापल्या घराजवळच चालू या, असं फोनवर ठरलं. टेपताई रोज सांगत की गल्लीत वीस फेऱ्या झाल्या. विहीणबाई सांगत की बेकरीभोवती पंचवीस झाल्या. खरं तर टेपताई मशीनवरून उठतच नव्हत्या. पाय पेडलवर हलतात, तोही व्यायामच, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती. विहीणबाईंच्या पंचवीस फेऱ्या ऐकून त्यांना रोज थोडं टोचायचं, आणि टोचलं की काहीतरी गरमागरम खावंसं वाटायचं.

एका दुपारी त्या बटणं आणायला गावाच्या दुसऱ्या टोकाला गेल्या. येताना कोपऱ्यावर गरम भजी निघत होती, त्यांनी कागदात बांधून घेतली आणि खात खात निघाल्या. बेकरीवरून जाताना सहज काचेतून आत नजर गेली. विहीणबाई मैद्याच्या पोत्यावर बसल्या होत्या, पाय दुसऱ्या पोत्यावर, आणि मांडीवरच्या ताटलीतून केकच्या कापून टाकलेल्या कडा चमच्यानं खात होत्या. त्यांनी मान वर केली. काचेच्या अलीकडे एकीच्या हातात भजी, पलीकडे एकीच्या तोंडात चमचा.

पळून जाण्यात अर्थ नव्हता. टेपताई आत गेल्या. विहीणबाईंनाच आधी हसू फुटलं. इतकं, की चमचा खाली पडला. टेपताई समोरच्या पोत्यावर बसल्या आणि त्यांनाही आवरेना.

हसणं ओसरल्यावर विहीणबाई ताटलीकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझ्या थोरल्या बहिणीचे डोळे साखरेनंच गेले हो. मी पाहिलंय. रोज रात्री ठरवते, सकाळी उठेन. उठवत नाही. एकटीनं नाही होत माझ्याच्यानं."

टेपताईंना पाच वर्षांत त्यांच्या तोंडून असं काही ऐकायला मिळालं नव्हतं. त्यांनी भज्यांचा कागद घडी करून बाजूला ठेवला.

"माझी एक फेरीही झालेली नाही," त्या म्हणाल्या. "सगळ्या थापा. मी तुमच्या पंचवीस फेऱ्यांवर जळत होते."

"पंचवीस कसल्या."

मग दोघींनी तिथेच बसून विचार केला. टेपताईंनी शिवणाऱ्या बाईच्या हिशोबानं सांगितलं की थंडीत कुणी उन्हाळ्याचा सुती सदरा घालून कुडकुडत बसत नाही, जाडा कपडा काढतो. मग चालायची वेळ तरी तीच कशाला हवी? पहाट थंड असेल तर दुपारी दोनला निघू, ऊन अंगावर घेऊ. त्या वेळी दुकानात गिऱ्हाईक नसतं आणि भट्टीही निवत असते. भूक लागते ती खरी असते, तर निघण्याआधी भाज्यांचं गरम सूप पिऊ. टेपताई रोज थर्मास भरून आणतील. आणि कापलेल्या कडा? विहीणबाई म्हणाल्या की त्या शेजारच्या शाळेतल्या पोरांना वाटून टाकीन, मोह माझ्या डोळ्यांपुढे नको.

दुसऱ्या दिवसापासून दुपारचं चालणं सुरू झालं. सगळं सुरळीत झालं असं नाही. लग्नाच्या ऐन गर्दीत चार दिवस गेले, एकदा विहीणबाईंना सर्दी झाली, आणि एका बारशाला टेपताईंनी गोडाच्या तीन वाट्या खाल्ल्या. फरक एवढाच, की चुकलेला दिवस आता त्या एकमेकींना खरा सांगत आणि पुढच्या दिवशी निघत.

वर्ष भरलं. डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिले. टेपताईंची साखर बरीच खाली आली होती. विहीणबाईंची थोडीच, पण उंबरठ्यावरून मागे सरकली होती. विहीणबाईंचं तोंड उतरलं. डॉक्टरीणबाईंनी त्यांना सांगितलं की रोज बारा घाणे चाखत आलेल्या बाईची साखर वर न जाता खाली येणं हेच मोठं आहे, आणि हवा तीनदा बदलूनही नेम टिकला हे त्याहून मोठं. मग विचारलं की आता चाखायला कोण असतं? विहीणबाई म्हणाल्या की कामाला असलेली बाई चाखते, आणि तिचीही तपासणी लवकरच करावी लागेल.

पुन्हा उन्हाळा, पुन्हा सकाळी सहा, पुन्हा कालवा. चालता चालता टेपताईंनी सहज विषय काढला की मुलगा सुट्टीच्या दिवशी दहापर्यंत लोळत असतो.

"राग मानू नका," विहीणबाई म्हणाल्या, "पण जावई आळशीच आहेत. मी लग्नातच ओळखलं होतं."

"आळशी आहेच. पण अंथरुणात चहा नेऊन देते कोण? तुमची लेक. लाडावून ठेवलाय तिनं."

"माझ्या लेकीनं? पंचवीस वर्षं लाडावला कोणी, ते सांग की आधी."

'सांग' हा शब्द दोघींनीही ऐकला. टेपताईंनी मुद्दाम लक्ष दिलं नाही आणि उलट तावातावानं तिच्या लेकीचा लग्नाआधीचा पराक्रम विचारला. अशी जुगलबंदी जुंपली की कालव्याचं वळण गेलं, नेहमीची परत फिरायची जागा गेली, पूल आला आणि पूलही ओलांडला. भांडण संपलं तेव्हा दोघी पलीकडच्या वस्तीत, कधी न पाहिलेल्या एका बसथांब्यापाशी उभ्या होत्या. ऊन चढलं होतं. दीड तास झाला होता.

"परत चालत जायचं?" टेपताईंनी विचारलं.

"तू जा. मी बसनं जाते," विहीणबाई म्हणाल्या, आणि थांब्याच्या बाकावर बसून त्यांनी शेजारची जागा हातानं झटकून दिली.