चौथ्या पिंजऱ्याचं काळीज

"बाबा, तुम्ही आजपर्यंत किती उंदीर मारले?"

मैत्रिणींनी पैजच लावली होती, विचारून दाखव म्हणून. शाळेच्या सभागृहात न अडखळता बोलल्यापासून तिची जीभ कुणापुढे म्हणून अडत नव्हती. ती हसू दाबून उत्तराची वाट बघत बसली.

बाबांचा घास हातातच राहिला. "मी खाऊ घालतो," ते म्हणाले. "मारतात त्या प्रयोग करणाऱ्या बाई."

बावीस वर्षं ते प्रयोगशाळेतल्या उंदरांना खायला घालत होते. सध्या पिंजऱ्यांच्या दोन रांगा होत्या. एकीला सगळं खाणं, दुसरीच्या खाण्यातून 'अ' जीवनसत्त्व तेवढं काढलेलं. त्या दुसरीचं नाव बाबांनी ठेवलं होतं, अळणी. तिच्या खाण्याच्या डब्यावर दोनदा टिचकी मारायची, मोठ्याने 'अळणी' म्हणायचं, मगच झाकण उघडायचं. हे झोपेतही टिचक्या मारतात, असं आई सांगायची.

आज मात्र बाबांचा चेहरा उतरलेला. बाईंनी उंदरांची काळिजं, म्हणजे यकृतं, तपासली होती. 'अ' मिळालं नाही की काळजात कोलेस्टेरॉल कमी तयार होतं आणि कसलंसं कोएन्झाइम वाढतं. एकाच कणकेचे दोन गोळे, बाबा आईला समजावत होते, एक लहान झाला की दुसरा मोठा.

"सगळ्या अळणी रांगेत तसंच निघालं. चौथा सोडून. त्याचं काळीज पोटभर जेवलेल्यासारखं."

तिच्या काळजात धस्स झालं.

सलग पाच रविवार ती हौसेने बाबांबरोबर गेली होती. चौथ्याचे डोळे चिकटलेले, पाठीची हाडं वर आलेली. बाबा पाणी भरायला वळले की ती गाजराचे तुकडे जाळीतून आत सरकवायची. तो ते दोन्ही हातांत धरून खायचा, अगदी शहाण्या बाळासारखा. पाचव्या रविवारी त्याचे डोळे टक्क उघडे होते. केवढा आनंद झाला होता तिला.

"डबे बदलले असतील, असं बाई म्हणतात," बाबा म्हणाले. "मलाही तसंच वाटायला लागलंय."

"तुमच्याकडून?" आई म्हणाली. "डोळे बांधले तरी चुकायचे नाहीत तुम्ही."

"काळीज खोटं बोलत नाही गं."

उद्या ते चूक लिहून देणार होते. मग सगळी रांगच बाद, प्रयोग पहिल्यापासून, आणखी चाळीस उंदीर. बाई ओरडल्या नव्हत्या. यापुढे तुम्ही पिंजरे तेवढे धुवा, असं म्हणाल्या होत्या.

तिने तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. सभागृहात तीनशे जण होते, इथे दोघंच. सांगितलं तर बाबा पुन्हा कधी आपल्याला सोबत नेतील का? आपल्याकडे बघतील तरी का?

बाबांनी मिठाची बरणी ओढली. झाकणावर दोनदा टिचकी मारली. हात थांबला. त्यांनी बरणी उजेडात धरली आणि आईला हळूच विचारलं, "मीठच आहे ना हे?"

ती उठून उभी राहिली.

"बाबा, उद्या काही लिहून देऊ नका. मी शाळेत उशिरा जाईन, आधी तुमच्याबरोबर बाईंकडे येणार. त्यांना मीच सांगणार. चौथा अळणी नव्हता. त्याला गाजर मी घालत होते."