फ्रीजचं दार

यशपालला मिरवायची भारी हौस. सात रस्ता चौकाजवळच्या नव्या फ्लॅटमधले दिवे, पंखे, दाराचं कुलूप, सगळं त्यानं मोबाइलवरच्या एकाच ॲपला जोडलं होतं. बायको प्रतिक्षा म्हणायची, "आता चहाही त्यालाच सांगा की!"

वेळापूरहून त्याची आई, मीनाबाई, कायमची राहायला आली. तिला डायबेटिस, आणि गोडाचा मोह सुटता सुटेना. यशपालनं फ्रीजच्या दाराला सेन्सर चिकटवला. दार उघडलं की स्वयंपाकघरातल्या छोट्या स्पीकरमधून त्याचाच आवाज यायचा, "आई, चोरून गोड खाऊ नकोस. मला कळतं." पहिल्यांदा आई दचकली, मग कसनुशी हसली. पुढं ऐकून ऐकून घराला त्याची सवय झाली.

बुद्ध पौर्णिमेला ऑफिसातली मंडळी सहकुटुंब खिरीला येणार होती. पहाटे उठून आईनं खीर केली, बोटसुद्धा चाटून बघितलं नाही. आणि पाहुणे यायच्या तोंडावर यशपालनं हॉलमध्ये नवा मोठा स्पीकर जोडला, घाईत ॲपमध्ये 'सगळे स्पीकर' निवडून टाकले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात ते उगाच नाही.

बुद्धवंदना झाली. आई फ्रीजमधून खिरीचं पातेलं काढायला आत गेली, आणि तोच आवाज हॉलभर घुमला, "आई, चोरून गोड खाऊ नकोस. मला कळतं."

कुणाचं तरी पोर खिदळलं, त्याला चिमटा बसला. प्रदीप, ऑफिसात यशपालच्या शेजारच्या टेबलावर बसणारा, मान खाली घालून अंथरलेल्या जमखानाची नक्षी न्याहाळू लागला. आई पातेलं घेऊन दारात उभी होती.

"तुमच्यासाठीच काढत व्हते," ती म्हणाली. तिला कुणी काही विचारलं नव्हतं.

धरणी पोटात घेईल तर बरं, असं यशपालला झालं. चूक माझी, एवढंच म्हणायचं होतं. पण तो हसत म्हणाला, "टेक्नॉलॉजी हो!" कुणी हसलं नाही. आईनं सगळ्यांना वाढलं, स्वतः चमचाभरही घेतली नाही.

पाहुणे गेल्यावर त्यानं सेन्सर उपटून कचऱ्यात टाकला. "आई, चुकलं माझं."

"आसू दे की. माज्या भल्यासाठीच केलंस न्हवं?"

यशपालला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याचीच लाज वाटली.

सकाळी तो तोंड धुऊन आला, तर आई फ्रीजपाशी पदर आवळून उभी. केव्हापासून, कोण जाणे.

"काय झालं, आई?"

"च्याला दूद काढायचं व्हतं," ती म्हणाली. "काढू का रं?"