खारट चीजचा नैवेद्य

या, असे जवळ येऊन बसा. मागे भिंतीला टेकलेल्यांनीही जरा पुढे सरका, सतरंजी मोकळी आहे. आजची गोष्ट आहे भांडंभर चीजची. हसू नका. लोणी चोरणाऱ्याच्या गोष्टी आपण इतक्या प्रेमानं ऐकतो, मग चीज तरी कशाचं असतं? दुधाचंच ना? तर ऐका.

सदाशिव पेठेत पद्मजाबाई राहतात. वय सदुसष्ट. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट, यजमानांना जाऊन नऊ वर्षं झालेली. सकाळी पूजा, दुपारी जरा पाठ टेकायची आणि संध्याकाळी कीर्तन. मार्गशीर्षात दोन देवळांत कीर्तनं असली तर बाई दोन्हीकडे पोचणार. पहिल्या ठिकाणी पूर्वरंग ऐकायचा, दुसऱ्या ठिकाणी उत्तररंग. शेजारीण म्हणते, "पद्मजाताई, एक पाय इथे अन् एक तिथे, मोक्ष कुठल्या देवळातून घेणार?" बाई म्हणतात, "जिथे पेटीवाला सुरात असेल तिथून."

एकुलता मुलगा सलिल आणि त्याची बायको कल्याणी खराडीला राहतात. दोघांची ऑफिसं तिकडेच. कल्याणी बौद्ध घरातली, येरवड्याला वाढलेली. लग्न नोंदणी पद्धतीनं झालं तेव्हा साक्षीदार म्हणून पहिली सही पद्मजाबाईंनीच केली. भांडण नाही, धुसफूस नाही. आणि तरीही दोन वर्षं ही सून सासूच्या स्वयंपाकघरात यायची नाही. रविवारी यायची, हॉलमधल्या वेताच्या खुर्चीत बसायची, चहा बाहेरच घ्यायची. तहान लागली तर म्हणायची, "आई, पाणी मिळेल का?"

मिळेल का. घरातल्या माणसानं असं विचारायचं असतं?

पद्मजाबाईंना ते फार लागायचं. सलिलला विचारलं तर तो म्हणाला, "अगं, ती मुळात कमीच बोलते. तू नको डोकं लावूस." पण डोकं लावायचं नाही म्हणून लागायचं थांबतं का? बाईंना काही मोठं नको होतं. तिनं उठून आत यावं, फळीवरचा डबा काढावा, न विचारता लाडू तोंडात टाकावा. एवढंच. देवापुढे हात जोडले की शेवटी हे एक मागणं यायचंच.

अशात डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात कल्याणीचा फोन आला. सलिलचा नाही, तिचा.

"आई, नाताळला माझ्या टीममधले दहा-बारा जण घरी येणार आहेत. कुणी केरळचे, कुणी बंगालचे, सुट्टीत घरी जाता आलं नाही त्यांना. बाकी सगळं मी करते. पण सुरुवातीला ते ओव्हनमधलं गरम चीज असतं ना, पावाच्या तुकड्यांनी खातात, ते तुम्ही कराल? सलिल म्हणाला, तुम्ही पूर्वी केकचे क्लास घ्यायचात."

पंचवीस तारखेला संध्याकाळी देवळात काल्याचं कीर्तन होतं. सप्ताहातलं शेवटचं, वर्षभर वाट पाहायची ते. पद्मजाबाई म्हणाल्या, "करेन की. कितीला येऊ?"

कल्याणीनं पाठवलेला व्हिडिओ त्यांनी सात वेळा पाहिला. दोन प्रकारचं चीज, साय, लोणी, पालक, भरपूर लसूण. सगळं कालवून काचेच्या भांड्यात घालायचं आणि वरून लालसर होईपर्यंत भाजायचं. आता बाईंचा एक नेम आहे. हातानं शिजवलेलं काहीही आधी बाळकृष्णाला दाखवायचं, मग माणसांना. नैवेद्याला लसूण चालत नाही, म्हणून त्यांनी लसूण काढली आणि आलं-मिरी घातली. बाजारचं चीज त्यांनी जन्मात तोंडात घातलं नव्हतं, ते कशानं घट्ट करतात, शाकाहारी असतं का, याची त्यांना कायम शंका. म्हणून घरी सराव केला तो दूध फाडून केलेल्या पनीरवर आणि घरच्या लोण्यावर. बेताच्या भांड्याला एक चमचा मीठ. नैवेद्य दाखवून खाल्लं, तर फक्कड जमलं होतं. वहीत लिहून ठेवलं, मीठ एक चमचा.

पंचवीसला सकाळी सलिल गाडी घेऊन आला. बाईंनी एका पिशवीत वही आणि आल्याचा तुकडा घेतला, दुसऱ्या हातात छोटी पितळी डबी. डबीत रुमालात गुंडाळलेला बाळकृष्ण.

"देव पण पार्टीला येणार?" सलिलनं विचारलं.

"तुझ्यापेक्षा वेळेवर तयार झाला तो."

खराडीचं स्वयंपाकघर चकचकीत. ओट्याच्या कोपऱ्यात रुमाल अंथरून बाईंनी बाळकृष्ण ठेवला. पलीकडे हॉलमधल्या कपाटावर बुद्धांची शांत मूर्ती होती, तिच्यापुढे कल्याणीनं सकाळीच शेवंती ठेवलेली. बाईंनी तिकडेही हात जोडले. कल्याणीनं सामान काढून दिलं.

"आई, चीजच्या पॅकेटवर हिरवा ठिपका आहे, मी बघून आणलंय."

शंका न सांगता तिला कळली होती. बाईंना इतकं बरं वाटलं की डोळे भरून येतील म्हणून त्या उगीचच पालक धुवायला वळल्या.

कल्याणी हॉलमध्ये खुर्च्या मांडायला गेली आणि बाईंनी कामाला हात घातला. भांडं घरच्यापेक्षा तिप्पट मोठं, म्हणून सगळं तिप्पट. चीज किसलं, साय फेटली, पाकिटातलं पिवळं लोणी वितळवलं, पालक पिळून चिरला. वहीत पाहिलं, मीठ एक चमचा. म्हणजे तीन. आता बाजारचं चीज मुळातच खारट, ते पिवळं लोणीही खारट, हे तुम्हाला माहीत आहे. शाळेतल्या पोराला माहीत असतं. पद्मजाबाईंना कुठून माहीत असणार? केकही त्यांनी कायम घरच्याच लोण्यात केलेले. चाखून पाहिलं असतं तर कळलं असतं. पण नैवेद्याच्या आधी जिभेला लावायचं नाही, हे सासूबाईंनी शिकवलेलं त्यांनी चव्वेचाळीस वर्षं पाळलेलं.

साडेचारला भांडं ओव्हनमधून निघालं. वर सोनेरी साय धरल्यासारखी, कडेनं बुडबुडे. वास थेट जिन्यापर्यंत. बाईंनी वाटीभर काढून बाळकृष्णापुढे ठेवलं, भोवती पाणी फिरवलं, डोळे मिटले. मग प्रसाद म्हणून चमचाभर सलिलच्या हातावर.

सलिलनं तोंडात घातलं. चेहरा एकदम गंभीर झाला. तो नळापाशी गेला, एक पेला पाणी प्यायला, दुसरा भरला.

"काय झालं?"

"आई, देवानं पाणी नाही का मागितलं?"

बाईंनी चिमूटभर जिभेवर ठेवलं. समुद्राचं पाणी आटवून खाल्ल्यासारखं लागलं. त्या तशाच स्टुलावर बसल्या. साडेचार वाजलेले, सातला माणसं येणार, आणि दोन वर्षांत या मुलीनं पाण्याखेरीज पहिल्यांदा काही मागितलेलं. ती काही बोलणार नाही, हेच तर भय होतं. ती म्हणेल, असू दे आई, आणि पुन्हा कधी काही मागणार नाही.

सलिलनं "मी बाहेरून काहीतरी मागवतो" म्हणत फोन काढला, तेवढ्यात कल्याणी आत आली. दोघांचे चेहरे पाहिले, भांड्यातलं थोडं बोटावर घेतलं, चाखलं.

"खारट झालंय," ती म्हणाली. मग बाईंकडे वळून, "आई, करताना चाखून नाही बघितलंत?"

"नैवेद्याआधी कसं चाखणार? आमच्याकडे कुणीच चाखत नाही."

"कुणीच?"

"कुणीच नाही. मी नाही, माझ्या सासूबाई नाहीत. हा लहानपणी पातेल्यात बोट घालायचा तर पळीचा मार खायचा."

"खाल्लाय," सलिल म्हणाला.

कल्याणी हसली नाही. ओट्याला टेकून उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं की सलिलनं फोन खिशात ठेवला.

"आई, आमच्या लग्नानंतरचा पहिला पाडवा आठवतो? तुमच्याकडे पुरणपोळी होती. मी आत आले, कटाच्या आमटीतून पळी काढून हातावर थेंब घेणार होते, आणि तुम्ही माझ्या हातातून पळी काढून घेतलीत. म्हणालात, राहू दे गं, तू बाहेर बस, मी आणते."

पद्मजाबाईंना त्या दिवसातलं एवढंच आठवत होतं, की आमटी छान झाली होती.

"मला वाटलं, माझा हात लागलेला चालत नाही," कल्याणी सावकाश म्हणाली. "मग मी ठरवलं की तुम्हाला पुन्हा सांगायची वेळ येऊ द्यायची नाही. बाहेरच बसायचं."

"मला का नाही बोललीस?" सलिलनं विचारलं.

"तू भांडला असतास. आणि खरंच तसं असतं तर? ते मला कळून घ्यायचं नव्हतं."

पद्मजाबाई स्टुलावरून उठल्या. मनात आलं की शपथ घ्यावी, पुन्हापुन्हा सांगावं, माझ्या मनात तसलं काही नव्हतं गं. पण कीर्तनात इतकी वर्षं बसलेल्या बाईला एक गोष्ट कळत होती, की समोरच्याचं दुःख ऐकताना आपली सफाई मधे घुसवू नये. दोन वर्षं ही पोर वेताच्या खुर्चीत बसून पाणी मागत होती, आणि आपण लाडवाचा डबा घेऊन आत वाट पाहत होतो.

"चूक माझी," त्या म्हणाल्या. "नव्या मुलीला आधी सांगायला हवं होतं, की आमच्याकडे असं असं असतं. नुसती पळी काढून घेतली. आणि आमच्यासारख्यांच्या घरात तुला तसं वाटलं, यात तुझं काही चुकलं नाही. तसं वाटण्यासारखं घडत आलेलं आहे. माझं मन तुला कुठून दिसणार?"

कल्याणी फ्रीजकडे वळली. तिनं फ्रीज उघडला. बाईंना वाटलं, संपलं. पण तिनं बाहेर काढलं ते टिक्क्यासाठी आणलेलं पनीर, दुधाची पिशवी आणि उकडलेले चार बटाटे.

"आमच्या आईनं एकदा शेजारच्यांच्या लग्नात वीस माणसांची भाजी खारट केली होती," ती म्हणाली. "बटाटे कुस्करून घातले आणि म्हणाली, आता चाळीस जेवतील. सलिल, तू पनीर किस. त्यात मीठ नाही ना, पाकिटावर बघून घे."

"तुझ्या आईचा हात मोठा दिसतो," बाई म्हणाल्या.

"फार. कौशल्या नाव, पण सगळी गल्ली मावशीच म्हणायची. स्वयंपाकाला उभी राहिली की मला हाक मारायची. खेळत असले तरी यायचं. हातावर थेंब टाकायची आणि विचारायची, बघ गं, मीठ कसंय? मी म्हटलं तेवढंच मीठ. मी पाच वर्षांची असल्यापासून विचारायची." कल्याणी बटाटा कुस्करत राहिली. "ती गेल्यापासून कुणी विचारलं नाही. त्या दिवशी तुमच्या आमटीचा वास आला, तर सवयीनं हात पुढे गेला."

कौशल्याबाई लग्नाच्या आदल्या वर्षी गेल्या, हे पद्मजाबाईंना माहीत होतं. कशा होत्या, हे त्यांनी दोन वर्षांत कधी विचारलं नव्हतं.

अर्धं खारट चीज बाजूला काढलं. उरलेल्यात पनीर, बटाटा आणि दूध घालून बाईंनी सगळं पुन्हा कालवलं. आता खरी पंचाईत. हे मिश्रण नवं, म्हणजे स्वयंपाक नवा, आणि नेम तोच. बाईंचा हात चमच्यावर थांबला. घड्याळात पाच वाजून गेलेले. पेठेत आता टाळ काढले असतील, बुवा फेटा बांधत असतील. आज काला. सगळ्या गोपाळांनी आपापली शिदोरी सोडायची, कुणाची भाकरी, कुणाचं लोणचं, आणि एकमेकांच्या हातातलं, चावा घेतलेलं, चाखलेलं, सगळं एकत्र करून त्यानं खायचं. चव्वेचाळीस वर्षं ती कथा ऐकून बाई रडत आल्या होत्या. तो गोपाळांना कधी म्हणाला का, की आधी मला?

त्यांनी चमच्यानं थोडं मिश्रण घेतलं आणि दुसऱ्या हातानं कल्याणीचा तळवा सरळ केला.

"बघ गं," त्या म्हणाल्या, "मीठ कसंय?"

कल्याणी तळव्याकडे बघत राहिली. मग चाखलं.

"अजून थोडं जास्त आहे. एक बटाटा घाला."

घातला. पुन्हा तळवा, पुन्हा चव. "आता बरोबर. तुम्ही पण बघा."

आणि पद्मजाबाईंनी स्वतःचा हात पुढे केला. सुनेनं थेंब टाकला, त्यांनी चाखला. खरोखरच बरोबर होतं.

दुसरं भांडं भाजून निघालं तेव्हा वाटी बाळकृष्णापुढे गेलीच. बाई हात जोडून पुटपुटल्या, "आधी दोघींनी चाखलंय बरं का. पण मघाच्यापेक्षा हे बरं आहे, खाऊन बघ."

सातला माणसं आली. टोस्टच्या तुकड्यांनी भांडं वीस मिनिटांत चाटूनपुसून साफ झालं. टीममधल्या स्वरालीनं कृती मागितली, तर कल्याणी म्हणाली, "कृती नाहीये गं. खारट करायचं, मग बटाटे घालायचे." सलिलनं उरलेलं खारट चीज पराठ्यांत घालून संपवायचं कबूल केलं, आणि पुढचे चार दिवस तो पाणीच पीत होता.

त्यानंतरच्या रविवारी सदाशिव पेठेत बेल वाजली. पद्मजाबाई पूजेत होत्या. दार लोटलेलंच होतं. चपला काढल्याचा आवाज आला, पावलं हॉलमधून सरळ पुढे गेली, आणि स्वयंपाकघरातून डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला.

"आई, हे लाडू कधीचे?"

"कालचे," बाई देवघरातून म्हणाल्या. "नैवेद्य झालाय. खा."

घंटी हातातच राहिली. आरती मात्र त्या दिवशी दोन ओळी जास्तच लांबली, असं शेजारीण सांगते.

तर मंडळी, घरी गेलात की उद्या गॅसवर काहीतरी उकळत असेल. चाखण्याचा नेम तुमचा तुम्ही ठरवा. पण कुणाच्या तळव्यावर थेंब टाकून मीठ विचाराल, तेव्हा येरवड्याच्या त्या कौशल्यामावशींची आठवण काढा. पद्मजाबाईंची आणि त्यांची भेट कधी झाली नाही. ती आपण आठवणीत तरी घडवू या.