बांधकामाची किंमत शून्य

जवळा बाजारहून औंढ्याकडे निघालात, की बाजाराची जागा ओलांडल्यावर डाव्या हाताला एकमेकांना खेटून दोन घरे लागतात. पहिल्याला आकाशी रंग आहे, पुढे ओसरी आहे, वर सिमेंटचा सपाट स्लॅब आहे. जाणारा-येणारा त्याच्याकडे पाहतो. मित्रांनो, मी दुसरे घर.

मी माळवदाचे घर आहे. माझ्या भिंती काळ्या दगडाच्या आणि चिखलमातीच्या. त्यांवर सागवानी तुळया, तुळयांवर फळ्या आणि फळ्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. त्या थरालाच माळवद म्हणतात. उन्हाळ्यात माझ्या आत पाऊल टाकणारा माणूस आधी 'हुश्श' म्हणतो, मग बोलायला लागतो. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. तेवढेच माझे कौतुक होत आले, म्हणून लक्षात राहिले.

एके काळी दगडोबा आणि त्याचा धाकटा भाऊ माझ्यातच राहत होते. दोघांच्या बायका, द्वारकाबाई आणि आशाबाई, एकाच चुलीवर स्वयंपाक करीत. मग १९९३ साली किल्लारीकडे भूकंप झाला. इथे फक्त भांडी वाजली. पण तिकडे माझ्यासारखीच दगडमातीची घरे माणसांसकट बसली होती. ते ऐकल्यापासून गावात कुणालाही माळवदाखाली झोप येईना. पुढच्याच उन्हाळ्यात दोघा भावांनी कापसाचे पैसे घातले आणि माझ्या अंगणात स्लॅबचे घर उभे केले. दगडोबा तिकडे गेला. धाकट्याने 'एवढ्या वर्षी राहतो' म्हणत माझ्यातच मुक्काम ठेवला, आणि काही वर्षांनी आजारी पडून माझ्यातच गेला. त्याची बायको आशाबाई मागे राहिली. पुढच्या खोलीत तिने शिलाईचे मशीन मांडले.

हेवा कसा सुरू होतो, ते मला नीट आठवते. नव्या घराला वीज आधी आली. दिवाळीला रंग त्याला मिळाला. पाहुणे त्याच्या ओसरीवर टेकू लागले आणि चपला मात्र माझ्या भिंतीशी काढू लागले. गावातल्या मुली ब्लाउज शिवायला माझ्याकडे येत, पण फोटो काढायच्या वेळी त्याच्यापुढे जाऊन उभ्या राहत.

तरी हे सगळे मी सोसले असते. हेवा हाडात शिरला तो अभ्यासवर्गामुळे.

हिंगोली जिल्हा नवा झाला, त्यानंतरची गोष्ट. हिंगोलीला प्रेमानंद नावाचे व्हॅल्युअर होते. व्हॅल्युअर म्हणजे घराची, जागेची योग्य किंमत ठरवून लेखी देणारा माणूस. बँकेला, कोर्टाला, वाटणी करणाऱ्या घरांना तो लागतो. या कामात नवीन येणाऱ्या इंजिनिअरांना प्रेमानंद साहेब शिकवत. दर हिवाळ्यात जीप भरून ते त्यांना जवळा बाजारला आणत, कारण दोन तऱ्हेची घरे अशी शेजारी शेजारी दुसरीकडे मिळत नव्हती.

वर्ग ओसरीवर बसे. नव्या घराचे कॉलम मोजले जात, बीम मोजले जात, गच्चीवर चढउतार होई. शेवटी, जेवणाच्या थोडे आधी, साहेब रस्त्यावरूनच माझ्याकडे बोट करीत.

"हे दगडमातीचं घर. तक्त्यात अशा घराचं जेवढं आयुष्य दिलंय, त्याच्याहून याचं वय जास्त. मग बांधकामाची किंमत किती?"

"शून्य, सर," सगळे म्हणत.

एका वर्षी उत्तमसिंग नावाचा जाडजूड, हसरा विद्यार्थी म्हणाला, "सर, शून्यातून चहा निघंल का?"

आशाबाई दारातच उभी होती. ती म्हणाली, "निघंल की. पन शून्य घरातला चहा तुमाला गोड लागंल का, त्ये बघा."

सगळे हसले. उत्तमसिंगने कान पकडले आणि दोन कप चहा प्यायला. पण पुढच्या हिवाळ्यातही उत्तर तेच आले. त्या दिवशी शेजारच्या घराला जी किंमत मिळाली, ती मी ओळीने सगळ्यांच्या तोंडून ऐकली. त्याच्या गच्चीत भेग पडावी, असे मला मनापासून वाटले.

२००६ साली वाटणीचा विषय निघाला. दगडोबाला माझ्या जागेवर कापूस ठेवायला पत्र्याचे शेड हवे होते. त्याचे म्हणणे सरळ होते. स्लॅबचे घर त्याचे. माझी किंमत नाहीच, म्हणून मला पाडायचे. आशाबाईला गावाबाहेरच्या वस्तीत एक खोली घेऊन द्यायची.

आशाबाईने मशीनवरचे कापड बाजूला ठेवले. "तिकडं कोन येईल माझ्याकडं शिवायला, भाऊजी? हितं बाजाराचं गिऱ्हाईक हाय. सायबाला बोलवा. त्यांनी लिहून दिलं की हे घर मातीमोल हाय, तर मी उद्याच मशीन उचलते."

"त्याला काय बोलवायचं? दर साली सोताच सांगून राहिले ना ते, सगळ्यांसमोर."

"तोंडानं सांगितलं. सही करून न्हाई सांगितलं."

दगडोबाला तेही चालण्यासारखे होते. उत्तर त्याला पाठ होते. मलाही होते.

साहेब आले, पण या वेळी जीप ओसरीसमोर न थांबता माझ्या दारासमोर थांबली. बरोबर दीक्षा नावाची त्यांची नवी विद्यार्थिनी होती. माझ्या ओट्यावर बसूनच दोघे बोलत होती, म्हणून मला ऐकू आले. व्हॅल्युअरांनाही अधूनमधून पुन्हा शिकावे लागते. साहेब नुकतेच औरंगाबादला तसा वर्ग करून आले होते.

"या वयात बाकावर बसवलं मला," ते म्हणाले. "वर परीक्षा पन घेतली."

"पास झालात ना, सर?"

"झालो. पन एका प्रश्नात शून्य. घराचा फोटो दिला होता आन विचारलं, अजून किती वर्षं टिकंल? मी तक्ता काढून वय वजा केलं. शिकवणाऱ्या बाई म्हणल्या, तुमी भिंत बघितलीच न्हाई. भूकंपानंतर आमी सगळे दगडमाती म्हणलं की डोळे झाकून शून्य लिहायला लागलो, दीक्षा. भीतीच तशी होती. आन मी तेच तुमाला शिकवलं."

एवढ्यात दगडोबा आला. "सायेब, काहून उन्हात बसले? तिकडं फॅन हाय."

"आज हिकडंच काम हाय, दगडोबा."

मित्रांनो, हे वाक्य मी किती वर्षे वाट पाहून ऐकले असेल. शेजारच्या घराने ते ऐकावे, म्हणून मी तुळया करकरवल्या.

दगडमातीच्या भिंतीला दोन अंगे असतात, आतले आणि बाहेरचे. मधे चिखल आणि दगडांचा चुरा. धक्का बसला की दोन अंगे सुटतात आणि भिंत फाटते. पण गवंडी जाणता असेल, तर तो अंतराअंतरावर भिंतीच्या पूर्ण जाडीचा लांब दगड आडवा घालतो. दोन अंगे त्याने बांधली जातात. किल्लारीकडच्या बहुतेक घरांत असे दगड नव्हते, असे साहेब दीक्षाला सांगत होते. तिने बाहेरच्या दगडांवर खडूने खुणा केल्या, दारापासूनचे अंतर मोजले, आत येऊन त्याच अंतरावरचा गिलावा खरवडला. तोच दगड आत निघाला. मग दुसरा. मग कोपऱ्यातला.

"सर, सगळीकडं आहेत," ती म्हणाली.

मी इतके फुगले की माझ्याच भिंतींत मावेना.

मग साहेब शिडी लावून वर चढले आणि लोखंडी सळई माळवदात खुपसली. ती जातच राहिली. दर वर्षी गळतीच्या भीतीने आशाबाई पांढऱ्या मातीच्या पाट्या टाकत आली होती, आणि माझा थर वाढत गेला होता. मी तो मिरवत असे.

"एवढी माती डोक्यावर घेऊन उभं हाय हे," साहेब म्हणाले.

मला ते कौतुकच वाटले.

"भूकंपात भिंतीआधी हे वजन माणसाच्या अंगावर येतं. जास्तीची माती उतरवायची. पातळ थर ठेवायचा, खाली प्लास्टिकचा कागद घालायचा. भिंतींच्या माथ्यावर चारी बाजूंनी सळई-सिमेंटचा पक्का पट्टा ओढायचा. एवढं केलं तर हे घर अजून पुष्कळ टिकंल. न्हाई केलं, तर मी याच्याखाली झोपा म्हननार न्हाई."

आशाबाई खाली उभी होती. "मंजे शून्य न्हाई ना?"

"न्हाई. दुरुस्तीचा खर्च वजा करून जी निघंल, ती किंमत मी सहीनिशी देतो."

ती आत जाऊन मशीनच्या स्टुलावर बसली आणि उगीच चाक फिरवत राहिली.

दगडोबाचा चेहरा उतरला. "मंग माझं बी बघा नीट. बराबरीनं बघा."

साहेबांनी दीक्षाला पाठवले. ओसरीच्या छताला एक तांबूस डाग होता. तिने छोट्या हातोडीने टकटक केले. आवाज पोकळ आला. तिसऱ्या टोल्याला सिमेंटची खपली सुटून खाली पडली आणि आतली गंजलेली सळई उघडी पडली.

"रंग दिला की झाकतंय ते," दगडोबा म्हणाला.

"रंगाखाली गंज चालूच राहतो, काका. स्लॅब टाकल्यावर पाणी किती दिवस मारलं होतं?"

दगडोबा पडलेली खपली पायाने बाजूला सारू लागला. उत्तर मला ठाऊक होते. भूकंपाच्या धास्तीने घाईघाईत, भर उन्हाळ्यात तो स्लॅब पडला होता. विहिरीला पाणी नव्हते, आणि पाणी न मिळालेले सिमेंट कच्चे राहते, मग ओल आत शिरून सळया गंजतात. ओले सिमेंट तहानेने तडतडत होते, तेव्हा मी शेजारी उभे राहून मजा पाहिली होती.

आताही मला मजाच वाटत होती. इतक्या वर्षांनी त्याचा भाव उतरत होता, तोही माझ्यासमोर. तेवढ्यात द्वारकाबाई आतून आली. ओसरीत, त्या डागाच्या जरा अलीकडे, तिच्या नातवाचा पाळणा टांगलेला होता. तिने लेकरू उचलले आणि अंगणात येऊन उभी राहिली. कुठे जावे, हे तिला कळत नव्हते. पदराने बाळाला ऊन लागू नये एवढे ती करत होती.

"सायेब," तिने विचारले, "याला आज निजवू कुठं?"

दोन घरांच्या मधे उभ्या असलेल्या त्या बाईला आसरा द्यायला त्या घडीला मीही लायक नव्हते आणि तेही नव्हते. माझे हसू तिथेच संपले.

"आज अंगणातल्या लिंबाखाली," साहेब म्हणाले. "आन उद्यापासून हितली माती उतरवायला घ्या. हे घर लवकर नीट होतंय. तुमच्या स्लॅबला वेळ लागंल."

द्वारकाबाईने नवऱ्याकडे पाहिले. "ऐकलं ना? जावेच्या घरात जागा मागायची हाय आपल्याला. आता हे घर तिचं, अशा वाटणीवर सही करा गुमान."

दगडोबाने सही केली. मी आणि माझी जागा आशाबाईच्या नावाने झाली. माझी माती उतरली, तेव्हा मला खूप हलके आणि थोडे उघडे वाटले. माथ्यावर पट्टा बसला. मग दुरुस्तीसाठी स्लॅबखाली लाकडी टेकू उभे केले, आणि द्वारकाबाई पाळणा घेऊन माझ्याकडे आली. सागवानी तुळईला दोर बांधले. दिवसभर एकीकडे मशीन चाले आणि एकीकडे पाळणा. दोघी जावा पुन्हा एका चुलीवर भाकरी करू लागल्या. कुणाची भाकर जाड, यावरून त्यांचे टोमणे चालत, आणि बाळ माझ्या भिंतीच्या गारव्यात गाढ झोपे.

पण स्लॅब दुरुस्त झाला. गंजलेल्या सळया काढून नव्या घातल्या, आणि या वेळी पोती अंथरून रोज पाणी मारले. एका सकाळी द्वारकाबाईने तुळईचे दोर सोडले. "जातो आमी आता," ती आशाबाईला म्हणाली, आणि बाळाला घेऊन आपल्या घरी गेली.

मित्रांनो, रंगाचा हेवा मी केला, विजेचा केला, किमतीचा केला. पण त्या सकाळी शेजारच्या घराचा जो हेवा मला वाटला, तसा कधीच वाटला नव्हता. आणि आयुष्यात पहिल्यांदाच मला असेही वाटले, की त्या घराला काही होऊ नये.

म्हणून तुम्हाला एक विनंती करते. तुमचे घर जुने असो की नवे, वर्षातून एकदा त्याच्या छताकडे नीट पाहा. कुठे डाग आहे, कुठे भेग आहे, डोक्यावर वजन किती आहे, ते पाहा. रंग त्यानंतर द्या. तुम्हाला कळत नसेल तर जाणत्याला बोलवा, आणि तो जाणताही मधूनमधून शिकायला जातो की नाही, हे त्याला विचारा. आम्ही घरे बोलत नाही. पण आमच्याखाली कुणीतरी झोपलेले असते.